हार्डनरची बाटली

पहाटे चार. कूलर बंद केला,
तशी आतून ही म्हणाली,
"झाली वाटते तुमची काडी सुरू."
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
रॉडला ती काडीच म्हणते.

कूलरची ओल इपॉक्सीला चालत नाही,
वर धुकट साय धरते.
आणि मे महिन्यात, पाचपावलीच्या या खोलीत,
ऊन वर आलं की वाटीतलं मिश्रण
दहा मिनिटांत गूळ.
म्हणून चार ते साडेपाच. तेवढीच वेळ आपली.

दोन बाटल्या, सात वर्षांपूर्वीच्या.
रेझिन तळाला साखरेसारखं बसलं होतं,
गरम पाण्याच्या गंजात ठेवलं अर्धा तास,
निवळलं. त्याची काही तक्रार नाही.
हार्डनर मात्र रंगलाय.
आणला तेव्हा पाणी होता,
आता पाहुण्याने अर्धा टाकून गेलेला
कोरा चहा.

रॉड उईकेचा, कोराडीच्या वीज केंद्रातल्या.
मरळ धरायला.
"पांढरा धागा लावा काका, काठाला लाल रेघ,
वरून असं चकचकीत की धागा ओलाच वाटला पाहिजे."
काळा सांगितला असता
तर ही पिवळी झाक कोणाला दिसली नसती.
मलाही नाही.

एकतीस वर्षं मी मेयोत कंपाउंडर होतो.
दर एक तारखेला फडताळ उघडायचं,
मुदत गेलेलं बाहेर,
लाल पेनाने रजिस्टरात, मग खड्ड्यात.
तारीख म्हणजे तारीख.

एकदाच.
कळमेश्वरकडचा पोरगा, रात्रीचे दोन,
पाय सुजून कोहळा झालेला,
आणि फ्रिजमध्ये सर्पदंशाच्या कुप्या
दोन महिन्यांपूर्वी संपलेल्या.
डॉक्टर नवे होते. माझ्याकडे पाहत राहिले.
मी कुपीत पाणी सोडलं, हलवली, दिव्यासमोर धरली.
गढूळ नाही, कण नाही.
म्हटलं, द्या.
रजिस्टरात काय लिहिलं
ते हिलाही सांगितलेलं नाही.
तिसऱ्या दिवशी पोरगा पोहे मागत होता, तर्री जास्त.
त्यावरून तारीख खोटी ठरत नाही,
हे मला कळतं.

परवा आइस्क्रीमच्या काडीवर लावून पाहिलं.
काचेच्या दोन सिरिंजा, एक याची, एक त्याची,
अदलाबदल नाही.
तीन मिली, तीन मिली.
चार थेंब इकडेतिकडे झाले
तर जन्मभर चिकट राहतं,
धड ओलं नाही, धड वाळलेलं नाही,
माझ्या साळ्यासारखं.
काल संध्याकाळी नख रोवलं. नखच वाकलं.
म्हणजे धरतं. पण पिवळं धरतं.

उईकेला फोन लावला, खरं ते सांगितलं.
नवी बाटली यायला पंधरा दिवस.
मागे टर्बाइन घुमत होतं.
"पावसाच्या आधी पाहिजे काका.
मरळ काय धाग्याचा रंग पाहून राहिली?"
म्हटलं, मरळ नाही बे, तू पाहशील.
तो हसला. पुढे हो म्हणाला की नाही
ते टर्बाइनने खाल्लं.

मग मुठीच्या वर, बारीक निबाने,
काल रात्रीच लिहून ठेवलं: उईके.
खाली तारीख.
आजची नाही, बाटलीवरची.

आता ब्रश.
गणपतीच्या मखरातल्या चक्राची मोटर,
मिनिटाला नऊ फेरे.
बुडबुडे वर येतात,
स्पिरिटच्या दिव्याची धग दाखवली की फुटतात,
एखादा हट्टी असतो, त्याला फुंकर.
पांढरा धागा आधी ओला झाला,
मग हळूहळू
घडीतच राहून गेलेल्या चादरीच्या कडेसारखा.
लाल रेघ तेवढी जास्त लाल.
अक्षरं खाली गेली, काचेखाली गेल्यासारखी.
आता खोडायची म्हटली तरी खोडता येत नाहीत.

"झालं का? घाम फुटून राहिला इथे.
लावू कूलर?"

थांब म्हटलं.
अजून फिरतंय.